आधी तू पी

अहो,

फाटकाची कडी वाजली की अजून मी दचकते. कुणीतरी भेटायला आलेलं असतं. बसतात, पाणी घेतात, तुमच्या फोटोकडं बघून हात जोडतात. मग आवाज खाली आणून विचारतात, "शेवटी शेवटी लई तरास काढला म्हणं?" मी मान हलवते. तेवढ्यात त्यांची नजर ओट्यावर, चहाच्या पातेल्याकडं गेलेली असते. मी विचारते, "चहा टाकू?" आणि ते घाईनं म्हणतात, "नगं नगं, आत्ताच झाला."

झालाही असेल. उन्हाचे दिवस आहेत, माणसं चहा टाळतात. पण मला तसं वाटत नाही, आणि मला जे वाटतं त्यावर भरवसा ठेवावा की नाही, हेही मला आता ठरवता येत नाही.

वाचनालयातल्या मुली म्हणाल्या, काकांवर चार ओळी लिहून द्या, फळ्यावर लावू. लिहायला बसले. मनमिळाऊ होते, कष्टाळू होते, बारामतीत कुणाची मोटर जळाली की पाय आधी तुमच्या दुकानाकडं वळायचे. दोन ओळींत तुम्ही संपलात. मी तो कागद बाजूला ठेवला. तो लोकांसाठी आहे. हा तुमच्यासाठी.

सासूबाई गेल्यावर आपल्या घरात तिसरं माणूस नव्हतं. मूल झालं नाही, त्याचं जे काही रडायचं ते आपण कधीच रडून घेतलं होतं. मी वाचनालयात पुस्तकं द्यायला-घ्यायला बसायची आणि तुम्ही दुकानात विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी भरायचात. जुनी काळी पडलेली तार उपसून काढायची आणि नवी तांब्याची, वेढे मोजत, गुंडाळायची. माझ्या सुट्टीच्या दिवशी मी डबा घेऊन दुकानात यायची आणि पिशवीत एक पुस्तक असायचं. तुम्ही बाहेरूनच विचारायचात, "आज फसवं आणलं का?"

'फसवी पुस्तकं' हे नाव तुमचंच. नवरा-बायकोच्या कादंबऱ्या, भीतीच्या. घर साधंच असायचं, दोघं साधीच असायची, आणि त्यातला एक जण सगळी हकिगत सांगायचा. आपण त्याच्या बोटाला धरून शेवटापर्यंत जायचो आणि शेवटच्या वीस पानांत कळायचं की सांगणाराच खोटं सांगत होता. आमच्याकडं बायका ही पुस्तकं नावानं मागतच नसत. "ते नाही का, शेवटी डोकं फिरवतं, तसलं द्या." पुस्तक परत करायला यायच्या तेव्हा बाहेर स्कूटर चालू ठेवून थांबलेल्या नवऱ्याकडं जरा निरखून बघायच्या. मला हसू यायचं. तेव्हा यायचं.

मी स्टुलावर बसून मोठ्यानं वाचायची आणि तुम्ही तार गुंडाळत ऐकायचात. गोष्ट रंगात आली की तुमची मोजणी चुकायची. "थांब, थांब, वेढं इसरलो." आणि सगळी तार उलटी सोडवत बसायचात. गिऱ्हाईक ताटकळायचं. एकदा तर पळसदेवचा एक मच्छीमार मोटर न्यायला आला आणि गोष्टीचा शेवट ऐकल्याशिवाय उठायला तयार होईना.

ती कडीची गोष्ट आठवते का? एक बाई सांगत असते की नवरा रोज कामावर जाताना बाहेरून कडी घालतो. ती खिडकीतून हाका मारते, कुणी येत नाही. शेवटी कळतं, कडी बाहेर नव्हतीच. ती आतून लागत होती आणि तीच लावत होती. मी पुस्तक मिटलं, तर तुम्ही तार खाली ठेवून माझ्याकडं बघत राहिलात. तुम्हाला खरोखर राग आला होता.

"म्हंजी एवढी पानं ही बाई मला खोटं सांगत हुती?"

"मला तिसऱ्या प्रकरणातच संशय आला होता."

"तुला समद्यांचाच येतो. मोरगावची माणसं तुमी, भाकर बी उलटी करून बघता."

"पण खोटंच बोलत होती ना ती?"

तुम्ही तार पुन्हा हातात घेतलीत. मग म्हणालात, "कडी खोटी आसंल. भ्या तर खरं हुतं का न्हाय?"

यावर आपण कितीदा भांडलो. माझं म्हणणं, जी खोटं सांगते तिच्या भीतीला काय किंमत द्यायची? तुमचं म्हणणं, माणूस भ्यालंय म्हटल्यावर आधी त्याच्याजवळ बसावं, खऱ्या-खोट्याचं नंतर बघावं. दुकानात येणारा शेतकरीसुद्धा मोटर कशी जळाली ते कधी सरळ सांगायचा नाही, पण तुम्ही त्याला चहा पाजायचात आणि शेवटपर्यंत ऐकून घ्यायचात. "माणूस खोटं सांगत न्हाय, आर्धं सांगतंय," म्हणायचात. मी तुम्हाला भोळा म्हणायची. ते भांडण तसंच राहिलं. आता दुसरी बाजू बोलायला माणूसच नाही.

मग तुमचं सुरू झालं. आधी तारेवरून. कुणीतरी दुकानातली चांगली तार नेऊन त्या जागी हलकी ठेवतंय, असं तुम्ही म्हणू लागलात. मी खरं मानलं, कुलूप बदललं. मग म्हणालात, नवं कुलूपही कुणीतरी उघडतंय. मग वेढे चुकू लागले, आणि तेव्हा मी वाचत नव्हते, दुकानात कुणीच नव्हतं. एक मोटर दोनदा भरून दोनदा जळाली. गिऱ्हाईक काही बोललं नाही, पण पुन्हा आलं नाही.

डॉक्टरबाईंकडं गेलो तेव्हा त्या तुमच्याशी हसतखेळत बोलल्या, तुम्हीही बोललात. मग तुम्हाला बाहेर बसवून मला म्हणाल्या, मेंदूचा आजार आहे, वाढत जाणार. विसर पडेल तसा संशयही वाढेल, आणि तो सगळ्यांत जवळच्या माणसावर येईल. मी वेड्यासारखं विचारलं, "जवळच्याच का?" त्या म्हणाल्या, "कारण दिवसभर समोर तुम्हीच असता."

गोळ्या तुम्ही चार दिवस घेतल्यात. मग मुठीत धरून ठेवू लागलात, मग गादीखाली सापडू लागल्या. भिंतीतून कुणीतरी ऐकतंय म्हणून तुम्ही बोलायचं सोडलंत, झोप सोडलीत, एके दुपारी भर उन्हात अनवाणी इंदापूर रस्त्याला लागलात. एका ऊसवाल्यानं ट्रॅक्टरवर बसवून तुम्हाला घरी आणून सोडलं. तळपायाला फोड आले होते. मी पुन्हा डॉक्टरबाईंकडं गेले. त्यांनी थेंब लिहून दिले. वास नाही, चव नाही. म्हणाल्या, "चहातून द्या. आत्ता त्यांना सांगू नका, चहाही सोडतील."

आणि मी दिले, अहो.

हे मी इथं सरळ लिहून टाकते. फसव्या पुस्तकात ही ओळ शेवटच्या वीस पानांत आली असती. बाटली मी मटकीच्या डब्यात लपवून ठेवायची. तुम्ही अंघोळीला गेलात की चहा कपात ओतायची आणि काचेच्या नळीनं थेंब टाकायची. औषध होतं, डॉक्टरांनी दिलेलं होतं, तुमच्या भल्यासाठी होतं. तरी पाठीमागं खुट्ट झालं की मी चोरासारखी बाटली पदराखाली घ्यायची. तुम्ही पहिला घोट घ्यायचात आणि कपावरून माझ्याकडं बघायचात. मी नजर चुकवायची. ती नजर चुकवणं तुम्ही बरोबर हेरलंत. कोणता महिना, कोणतं गाव हे तुम्ही विसरत होता, पण मी नजर चुकवते हे विसरला नाहीत.

एक दिवस अंघोळ अर्धी टाकून तुम्ही दारात उभे होतात. मला कळलंही नाही. त्या दिवशी तुम्ही चहा प्यालात आणि दुपारी पळसदेवला बहिणीला फोन लावलात.

कमलवन्सं दुसऱ्या दिवशी सकाळीच आल्या, सोबत त्यांचे यजमान पोपटराव. तुमची ही धाकटी बहीण, उसाच्या बागायतीत राबून हाताला घट्टे पडलेले, बोलायला फटकळ. आल्या आल्या त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला बसा म्हणायचंही सुचेना. तुम्ही खुर्चीत ताठ बसला होता. कित्येक दिवसांत इतकं सरळ, इतकं सलग बोलला नव्हता.

"कमल, ही माज्या च्यात थेंब टाकती. काचंच्या नळीनं. बाटली मटकीच्या डब्यात हाय. ह्यो डबा, वरनं दुसरा. मी न्हाऊन येईस्तवर टाकती आन् मी पितुया का न्हाय ते बघत ऱ्हाती."

एकही शब्द खोटा नव्हता. फक्त एक गोष्ट तुम्हाला माहीत नव्हती, की ते औषध आहे. आणि तुम्ही समोर बसलेले असताना मला तेवढीच गोष्ट सांगता येत नव्हती.

"वहिनी, दादा काय म्हणतोय?"

मी म्हणाले, "त्यांना भास होतात वन्सं. मी कशाला काय घालू?"

वन्सं उठल्या आणि त्यांनी वरचा दुसरा डबा काढला. त्यात नुसती मटकी होती. बाटली मी आदल्याच दिवशी हलवली होती. तुम्ही दारातून बघितलंत हे कळलं म्हणून नव्हे हो, देवाशप्पथ. डब्यात मटकी भरायची होती म्हणून. मला असं वाटतं. मी पुन्हा पुन्हा आठवून बघते आणि दर वेळी मला तसंच आठवतं, पण फसव्या पुस्तकातल्या बायकाही अशाच शपथा घेतात.

डब्यात नुसती मटकी बघून तुमचा चेहरा पडला. तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि पहिल्यांदाच तुमच्या डोळ्यांत संशय नव्हता. तुम्हाला तुमचीच भीती वाटली होती. ती नजर मला झोपू देत नाही.

वन्संनी तुमचे चार कपडे पिशवीत भरले, मी वर डॉक्टरबाईंच्या गोळ्या ठेवल्या. पोपटराव खाली मान घालून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की थोडं दिस आमच्याकडं. हवापालट." फाटकाशी मी वन्संचा हात धरून काहीतरी बोलणार होते, पण तुम्ही गाडीत बसून आमच्याकडंच बघत होतात. वन्संनी हात सोडवून घेतला.

घर रिकामं झालं. मी वाचनालयात गेले तर एकीनं फसवं पुस्तक मागितलं, पण त्या कपाटाला मला किल्लीच लावता येईना. सगळ्या गोष्टी डोक्यात गर्दी करू लागल्या. नवऱ्याला वेडं ठरवणारी बायको, औषधाच्या नावाखाली काहीबाही पाजणारी बायको. अशा कितीतरी वाचल्या होत्या मी, आणि प्रत्येकीला तिसऱ्या प्रकरणात ओळखलं होतं. मला कुणीही ओळखलं असतं. मी औषधाच्या दुकानात रशीदभाईंकडं जाऊन विचारलं, "मी नेते ते थेंब नक्की कसले आहेत हो?" ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "ताई, तुमीच चिठ्ठी आणून दिली की. तुमच्या मिस्त्रींचं औषिद हाय. बरं हाय ना समदं?" मी हो म्हणाले आणि बाहेर येऊन पायरीवर बसले.

वन्संना फोन करावा म्हणून किती वेळा हातात घेतला. खरं सांगावं तर त्या दिवशी खोटं बोलले हेही सांगावं लागणार. आणि एकदा खोटं बोललेल्या बाईचं खरं कोण ऐकतं? मीच कधी ऐकलं नव्हतं. तरीही केला. फोन पोपटरावांनी उचलला, म्हणाले, "ठीक हाय त्यांचं," आणि ठेवला.

शेवटी वन्संचाच फोन आला. आवाज बसलेला होता.

"वहिनी, दादा जेवत न्हाय. दिसभर धरणाच्या पाण्याकडं तोंड करून बसतोय. पानी उतरलंय, बुडल्यालं जुनं देऊळ उघडं पडलंय, तर म्हणतोय त्यातनं मान्सं येत्यात. काल यांच्या अंगावर धावून गेला. डाक्टरच्या गोळ्या दिल्या तुमी पिशवीत, त्या थुकतोय. तुमी कशा देत हुता?"

"चहातून," मी म्हणाले.

पलीकडं कपबशी ठेवल्याचा आवाज आला.

"वन्सं?"

"म्हंजी दादा खरं बोलत हुता."

"हो."

"आन् तुमी माज्या तोंडावर न्हाय म्हणलात."

"ते समोर होते. त्यांना कळलं असतं तर चहाही सोडला असता. डॉक्टरबाईंना विचारा. रशीदभाईंना विचारा. मला नका विचारू, मी सांगितलेलं तुम्हाला खरं वाटणार नाही."

त्या रडू लागल्या. वन्संना मी लग्नातसुद्धा रडताना बघितलं नव्हतं. म्हणाल्या, "ह्यांना बारामतीला धाडते. ती बाटली त्यांच्याकडं द्या. किती टाकायचं ते सांगा."

पुढचे काही दिवस वन्संनी तुम्हाला चहातून थेंब दिले. त्याही पाठ फिरवून देत होत्या. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. आणि मग एका सकाळी तुम्ही ते बघितलंत आणि त्यांना म्हणालात, "कमल, तू बी?" कप ठेवलात आणि उठून फाटकाशी जाऊन बसलात. दिवसभर एकच धोशा. "मला बारामतीला सोडा. हितं मला कायबाय घालत्यात. मला हिच्याकडं सोडा."

हिच्याकडं. जिनं तुम्हाला पहिल्यांदा घातलं, तिच्याकडंच. मला किती हसू आलं आणि किती रडू आलं, कसं सांगू तुम्हाला?

मी तुम्हाला न्यायला आले. भिगवणच्या रस्त्यानं परत येताना तुम्ही माझा हात सोडला नाहीत, पण माझ्याकडं बघितलंही नाहीत. उसाच्या ट्रॉल्या पुढं चालल्या होत्या, गाडी रखडत होती. मला ते जुनं भांडण आठवत होतं. भ्या तर खरं हुतं का न्हाय? मी इतकी वर्षं खरं-खोटं शोधत बसले, आणि तुम्ही सांगत होतात की आधी जवळ बसावं. मी तुमच्या जवळ बसले होते कधी? मी तर तुमची पाठ वळायची वाट बघत होते.

घरी आल्यावर मी चहा केला, कप तुमच्यासमोर ठेवला आणि शेजारी बाटली ठेवली. डॉक्टरबाईंना न विचारता.

"अहो, हे औषध आहे. मी तुम्हाला हे चहातून देत होते. तुम्हाला भास झाला नव्हता. तुम्ही बघितलंत ते खरं होतं."

तुम्ही बाटली हातात घेतलीत, उजेडाकडं धरलीत, मोटरचा सुटा भाग बघावा तशी फिरवून बघितलीत. मला वाटलं, आता फेकाल. आता ओरडाल. तुम्ही म्हणालात, "मटकीच्या डब्यात न्हवती."

"मी हलवली होती."

"मग मी येडा न्हाय."

"नाही."

तुम्ही हसलात. किती महिन्यांनी हसलात! मग कप माझ्याकडं सरकवलात. "टाक. माज्यासमोर टाक. आन् आधी तू पी."

मी थेंब टाकले आणि पहिला घोट घेतला. मग तुम्ही प्यालात.

आजार बरा झाला नाही, आणि सगळं गोड झालं असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. काही दिवस तुम्ही कप भिंतीवर फेकलात. काही दिवस मला दुसऱ्याच नावानं हाक मारलीत. पण रोज सकाळी, ज्या दिवशी चहा घ्याल त्या दिवशी, "आधी तू पी" हे ठरलेलं. पहिल्या दिवशी ते मला सुईसारखं टोचलं. इतक्या वर्षांच्या बायकोला आधी घोट घ्यायला लावतो हा माणूस! त्या घोटानं दुपारी वाचनालयात डोळे जड व्हायचे. मुली विचारायच्या, काकू, झोप झाली नाही का? मग हळूहळू ती सवय झाली. आपण एकाच कपातून प्यायला लागलो. लग्नानंतर असं कधी प्यालो नव्हतो, सासूबाई होत्या, लाज होती. एका हातातून दुसऱ्या हातात कप जायचा, आणि तो जाताना तुमची बोटं माझ्या बोटांना लागायची. संशयानं का होईना, मला ते मिळालं. त्यासाठी मी तुमचे आभार मानले नाहीत. मानायला हवे होते.

तुम्ही गेलात त्या दिवशी डॉक्टरबाई स्वतः आल्या. म्हणाल्या, हृदय थांबलं, त्याचा थेंबांशी काही संबंध नाही. मी त्यांना पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, माझ्या खांद्यावर हात ठेवून. पण तुमची ती गोष्ट तुमच्या आधीच गावभर पोचली होती. तुम्ही दुकानाच्या शेजाऱ्यांना सांगितली होतीत, पळसदेवच्या पारावर सांगितली होतीत, आणि ती चांगली सांगितली होतीत. गोष्ट सांगणारा गेला की गोष्ट मरत नाही. उलट, तिच्यातलं खरं-खोटं आता कुणाला विचारता येत नाही.

तेराव्याला भावकी जमली. जेवणं झाली, मी चहाचा ट्रे आणला. तुमच्या चुलत्यांनी, नानांनी, हात आवरून घेतला. त्यांचं बघून दुसऱ्यांनीही. कप तसेच राहिले, वर साय धरायला लागली. नाना छताकडं बघत म्हणाले, "काय आसतं, गेलेला मान्स उगा बोलत न्हाय. च्या पिता पिता गेला म्हणत्यात."

मी ट्रे धरून उभी होते. मला माझी बाजू मांडता येत नव्हती. जी बाई स्वतःची बाजू फार नीट मांडते, तिच्यावर तर मी कधीच विश्वास ठेवला नव्हता.

वन्सं कोपऱ्यातून उठल्या. एक कप उचलला, उभ्याउभ्या सगळा प्यायल्या. मग दुसरा उचलला.

"मी बी घातलंय त्याला च्यातनं," त्या म्हणाल्या. "पळसदेवला, माज्या घरात, माज्या हातानं. औषिद हुतं ते. बोलायचं आसंल तर आमा दोघींना मिळून बोला, नाना. एकटीला बोलू नका."

पोपटरावांनी एक कप घेतला. मग आणखी एक-दोघांनी. नाना तसेच उठले, चप्पल घालून गेले. ते अजूनही तेच सांगत असतील, मला माहीत आहे. सांगू देत.

वन्सं त्या दिवशी राहिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी भांडी आवरताना त्यांनी विचारलं, "शेवटच्या सकाळी काय झालं, वहिनी? मला नीट सांगा." मी त्यांना सांगितलं, आणि तेच आता तुम्हाला सांगते, कारण तुम्ही तिथं होतात आणि तुम्हालाच विचारायचं आहे.

तुम्ही त्या दिवशी लवकर उठलात. दाढी केलीत. मी चहा केला, तुमच्यासमोर थेंब टाकले आणि रोजच्यासारखा कप घ्यायला हात पुढं केला. तुम्ही तो दिला नाहीत. सरळ तोंडाला लावलात.

"अहो, मी आधी..." मी म्हणाले.

तुम्ही नुसती मान हलवलीत आणि आणखी एक घोट घेतलात.

तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. माझ्यावर विश्वास ठेवलात, की विसरलात? वन्संना विचारलं. त्या तुमच्याच बहीण, मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलल्या नाहीत. "मला न्हाय ठावं, वहिनी," एवढंच म्हणाल्या. एखाद्या दिवशी मला वाटतं, विसरला असाल तरी चालेल, विसरताना भीतीही विसरला असाल. आणि एखाद्या दिवशी मी भर दुपारी फाटकाशी उभी राहते आणि मला दुसरंच उत्तर हवं असतं.

दुसरा घोट घेऊन तुम्ही तोंड वाकडं केलंत. मी बाटलीकडं बघितलं. तुम्ही म्हणालात, "साखर कमी हाय गं."

मी साखर आणायला आत गेले. डब्याचं झाकण घट्ट बसलं होतं, त्याला वेळ लागला. चमचा भरून बाहेर आले तेव्हा तुमचं डोकं भिंतीला टेकलं होतं, आणि कप रिकामा करून तुम्ही बशीवर नीट ठेवला होतात. साखर येईपर्यंतसुद्धा थांबला नाहीत.